पट्टीने ओ दिली नाही

मित्रांनो, मी जुना आहे हे बघून कुणाला पटत नाही, आणि माझी सगळी रड तिथेच आहे. या खोलीत जो येतो तो खुंटीकडे बघतो आणि म्हणतो, "किती निगुतीने ठेवलंय हो जॅकेट." मी ऐकून घेतो. खुंटीला टांगलेल्याने दुसरं काय करायचं?

मी बांधकामावर घालायचं जॅकेट आहे. बिनबाह्यांचा, पोपटी रंगाचा, छातीवर आणि पाठीवर रुपेरी पट्ट्या असलेला. माझ्या जातीच्या जॅकेटाने कसं दिसावं? मळकं, सिमेंटने कडक झालेलं, एखादा खिसा उसवलेला. मी मात्र इस्त्रीचा. बाहीला घडी पडली असती, पण बाही नाही म्हणून राहिली.

माझा जन्म शिवणाच्या कारखान्यात झाला. ज्या बाईने मला शिवलं तिने माझं तोंडही नीट बघितलं नाही, इतकी घाई तिला. पण पट्टी शिवताना तिचा हात संथ व्हायचा, कारण पट्टी म्हणजे आमचा जीव. तिच्यावर काचेचे मणी बसवलेले असतात, पिठाहून बारीक. अंधारात उजेड पडला की ते मणी तो उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात. म्हणजे ड्रायव्हरने दिवा टाकला, तर पट्टी ड्रायव्हरच्याच डोळ्यात चमकते. कापडाचा रंग दिवसा राबतो, पट्टी अंधारात राबते. एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही, हे तेवढं ध्यानात ठेवा. मानेपाशी मला एक छोटं लेबलही लावलं होतं. त्यावर ब्रशचं चित्र होतं, त्यावर फुली. इस्त्रीचं चित्र होतं, त्यावरही फुली.

मला निवडलं ते स्टोअरकाकांनी. बांधकामावरच्या सामानाची खोली ते सांभाळायचे. जाड भिंगांचा चष्मा आणि तोंड कायम आंबट. जॅकेटं विकणारा दोन गठ्ठे घेऊन आला होता, एक नारिंगी, एक आमचा पोपटी. "काका, नारिंगी घ्या. दुकानात सगळे तेच उचलतात. कसं उठून दिसतं बघा," तो म्हणाला. दोन्ही रंगांचं एकेक जॅकेट घेऊन काका कुंपणापाशी गेले आणि तिथल्या जाळीवर टांगून आले. मग पार पलीकडच्या टोकाला जाऊन, कमरेवर हात ठेवून बघत राहिले. जाळी नारिंगी होती. रस्त्यात ठेवलेले शंकूही नारिंगी. नारिंगी जॅकेट त्यात असं विरघळलं की विकणाऱ्यालाच ते शोधावं लागलं.

"तुझ्या दुकानात उठून दिसत असेल," काका म्हणाले. "माझ्याकडे माणूस कुठला आणि कुंपण कुठलं, हे ड्रायव्हरला कळलं पाहिजे. पोपटी ठेव, आणि हे उचल."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी मला स्टोअरमध्ये नेलं, दार लावून अंधार केला, आणि टॉर्च आपल्या डोळ्याच्या शेजारी धरून माझ्यावर मारला. माझ्या पट्ट्या पेटल्यासारख्या झाल्या. "हां, ओ देतंय," ते स्वतःशीच म्हणाले. माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते, आणि खरं म्हणाल तर शेवटचंही. पुढे कौतुक पुष्कळ झालं, पण ते भलत्याच गोष्टीचं.

काकांचा एक रिवाज होता. अधूनमधून ते सगळ्यांची जॅकेटं गोळा करायचे आणि अंधाऱ्या स्टोअरमध्ये टॉर्चने आमची हजेरी घ्यायचे. जे जॅकेट ओ देणार नाही त्याला ते मोठ्या कात्रीने पाठीत मधोमध कापायचे, म्हणजे पुन्हा कुणी ते अंगात घालायला नको. एखादा मजूर कुरकुरायचा, "काका, चांगलं होतं की ते." काका म्हणायचे, "चांगलं होतं, आता मेलंय. मेलेलं अंगावर घेऊन हिंडू नये." तेव्हा मला त्या कात्रीची धास्ती वाटायची. आता आठवण आली की जीव तुटतो.

काकांनी मला दिलं ते शिट्टीवाल्याला. डंपर मागे येत असताना त्याच्या मागे उभं राहून, शिट्टी फुंकून आणि हात करून रस्ता दाखवायचा, हे त्याचं काम. बारीक अंगाचा, हसरा आणि जरा घाबरट माणूस होता. घाबरटच बरा, या कामात शूर माणूस टिकत नाही. त्याला या कामावर आणलं होतं त्याच्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने. तो डंपर चालवायचा. दोघांचं गूळपीठ असं की जेवणाचे डबे उघडले की यांची थट्टा सुरू.

"दाजी, घरी ताई तुम्हाला तोंड उघडू देत नाही, म्हणून इथे दिवसभर शिट्टी फुंकता होय?"

"तू आरशात बघत जा. थट्टा घरी कर, हवी तेवढी."

"आरशात काय बघायचंय? तुमची पट्टी दिसली की गाडी, नाही दिसली की ब्रेक. आपला साधा हिशोब."

हा हिशोब दोघांनीही पाळला. पट्टी जिथे दिसते तिथे दाजी, आणि त्याच्या अलीकडे गाडी थांबायची. मित्रांनो, एका माणसाचा जीव माझ्या छातीवरच्या बोटभर पट्टीवर टांगलेला आहे, याचा तेव्हा मला केवढा अभिमान होता.

शिट्टीवाल्याचं घर म्हणजे एक खोली. एक खाट, कोपऱ्यात मोरी, दारामागे खुंट्या, बाहेर पाण्याचा नळ. घरात तो, त्याची बायको आणि शाळेत जाणारी लेक. बायको म्हणजे स्वच्छतेचं वेड घेऊनच जन्माला आलेली. भांडं घासलं तर त्यात तोंड दिसलं पाहिजे, असा तिचा खाक्या. पहिल्याच दिवशी शिट्टीवाला मान खाजवत घरी आला, तेव्हा ती म्हणाली, "बघू इकडे. हे लेबल टोचतंय तुम्हाला." आणि कात्रीने ते कचकन काढून टाकलं. फुली मारलेला ब्रश गेला, फुली मारलेली इस्त्री गेली. मायेने केलं तिने. त्या रात्रीपासून त्याची मान खाजायची थांबली.

काकांच्या डोळ्यांनी पुढे दगा दिला आणि ते घरी बसले. त्यांच्या मागे टॉर्चची हजेरीही बंद पडली. नवा सुपरवायझर आला. तो टापटिपीचा माणूस. बघायला मोठे लोक येतात, जागा चकचकीत दिसली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्याने गेटवर नियम लावला: मळकं जॅकेट असेल तर आत सोडायचं नाही. एके दिवशी शिट्टीवाल्याला गेटवाल्याने परत पाठवलं. माझ्या पाठीवर ग्रीसचा डाग होता.

"मी काय करू, वरून हुकूम आहे," गेटवाला म्हणाला. "वहिनींना सांग, जरा घासून दे म्हणावं."

वहिनींना ते फार लागलं. नवऱ्याचा रोज बुडाला त्याचं दुःख वेगळं, पण तिच्या घरातलं कापड मळकं म्हणून परत यावं? "पुन्हा कुणी बोट दाखवून दाखवावं," ती म्हणाली. मग रोज संध्याकाळी कढत पाणी, सोडा आणि ताठ केसांचा ब्रश. दगडावर मला पालथं घालायची आणि पट्ट्या तर मुद्दाम दोनदोनदा घासायची, कारण मळ तिथे जास्त दिसतो. सकाळी वर इस्त्री. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, बाई, तू माझे डोळे काढते आहेस. पण जॅकेटाला कुठलं तोंड. रोज थोडे मणी मोरीतून वाहून जायचे. बघता बघता पट्ट्या पांढऱ्याशुभ्र झाल्या, आणि आंधळ्या झाल्या. दिवसाउजेडी फरक कुणाला कळणार? उलट सगळ्यांत स्वच्छ मीच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

सुपरवायझरने एकदा सगळ्यांसमोर शिट्टीवाल्याला फळीवर उभं केलं आणि म्हणाला, "जॅकेट कसं असावं, तर असं." टाळ्या पडल्या. शिट्टीवाला लाजला. घरी येऊन त्याने ते बायकोला सांगितलं, तेव्हा ती तोंडाने म्हणाली, "इश्श, त्यात काय," पण इस्त्री फिरवताना गुणगुणत होती. मित्रांनो, त्या खोलीत मी इतकं सुख पुन्हा कधी बघितलं नाही.

मग काम तळघरात गेलं. वर स्लॅब पडला होता, खाली दगड फोडून राडारोडा उपसायचा होता. भरदुपारीही तिथे अंधार. एखाद-दुसरा दिवा, आणि धूळ अशी की तोही पिवळा ठिपका वाटावा. तिथे माझ्या पोपटी रंगाचा काही उपयोग नव्हता. तिथे राज्य पट्टीचं.

खाली उतरण्याच्या आदल्या दिवशी नवी जॅकेटं आली. स्टोअरच्या दारात टेबल मांडलं होतं, जुनं द्या आणि नवं घ्या. सगळ्यांनी आपली धुऊन धुऊन विटलेली लक्तरं टाकली आणि नवी उचलली. फक्त मेहुणा डंपरमध्ये बसलेला होता, तो रांगेत आलाच नाही. आपल्या तेलकट जॅकेटावर त्याचा फार जीव, आणि गाडीत बसून आत येणाऱ्याचं जॅकेट गेटवर कुणी बघत नसे. शिट्टीवाल्याची पाळी आली. त्याने नवं जॅकेट हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि माझ्याकडे बघितलं. टेबलावरचा माणूस हसला. "तुझं तर नव्याहून नवं आहे. तुला कशाला?"

शिट्टीवाला क्षणभर घुटमळला. त्याच्या मनात काय आलं ते मला ठाऊक आहे, त्याची छाती माझ्या आतच होती. बायको रोज इतकं घासते, आणि हे टाकून दुसरं घेऊन गेलो तर तिला काय वाटेल? त्याने नवं खाली ठेवलं. "राहू दे. माझं चांगलं आहे." मागच्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "बायको असावी तर अशी." तो हसत हसत बाजूला झाला. अंधारात नेऊन टॉर्च मारायला तिथे काका नव्हते, आणि ते करायचं असतं हे दुसऱ्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट आहे ही. तळघरात दगडफोडीचं यंत्र धडधडत होतं. शिट्टीवाला डंपरच्या मागे उभा राहून शिट्टी फुंकत होता, पण त्या आवाजात ती त्याची त्यालाच ऐकू येत नसावी. दूर मागच्या खांबापाशी एक मजूर काहीतरी उचलत उभा होता. अंगावर नवं जॅकेट. डंपरचा मागचा दिवा लागला. उजेड माझ्यावर पडला आणि मी तो गिळून टाकला. मागच्या मजुराची पट्टी मात्र लखकन चमकली.

मेहुण्याने आरशात बघितलं. डोळ्यांत तेल घालून बघितलं त्याने, याला मी साक्षी आहे. त्याला पट्टी दिसली, लांब, खांबापाशी. म्हणजे दाजी तिथे, आणि जागा भरपूर. तो त्या पट्टीच्या रोखाने मागे येत राहिला. शिट्टीवाला आधी हात करत राहिला, कारण मेहुणा आपल्याला बघतोय याची त्याला खात्री होती. मग तो मागे सरकू लागला. मग त्याच्या पाठीला, म्हणजे माझ्या पाठीला, अलीकडचाच दुसरा एक खांब लागला.

पुढचं मी सांगणार नाही. तो गेला एवढंच सांगतो. मेहुण्याने त्याला मांडीवर घेतलं होतं आणि तो एकच म्हणत होता, "दाजी, तुम्ही तिकडे होता ना. तुम्ही तिकडे होता."

चौकशी झाली. मला टेबलावर पसरलं, खिडकीच्या लख्ख उजेडात. साहेब लोक वाकून बघत होते. डाग सोडले तर जॅकेट उत्तम, पट्ट्या जागच्या जागी, असं एकजण बोलला आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मग न दिसायला काय झालं? मेहुणा एकच सांगत राहिला: मला पट्टी लांब दिसली. कुणाला ते पटलं नाही. त्याचं काम गेलं, आणि पुन्हा कुणी त्याच्या हाती गाडी दिली नाही. तो हातगाडी ओढू लागला.

सगळ्यांत जास्त पटलं नाही ते त्याच्या ताईला. मी गाठोड्यातून घरी आलो त्या दिवशी तिने मला धुतलं. कसं धुतलं ते विचारू नका. वाळल्यावर इस्त्री केली आणि खुंटीला लावलं. मग भाऊ आला तेव्हा माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हे बघ. माझ्या हाताने मी हे आरशासारखं ठेवलं होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं. तू कुठे बघत होतास?"

"ताई, मी बघत होतो. दाजी दिसले नाहीत."

"खोटं बोलू नकोस. फोनवर होतास की प्यायला होतास, काय ते सांग. मला खरं ऐकायचंय."

"खरंच सांगतोय."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. तरी तो यायचा. किराणा दारात ठेवायचा, सिलिंडर बसवून द्यायचा. ती त्याला दारातून परत लावायची नाही, पण बोलायची ती लेकीमार्फत. "मामाला सांग, चहा ठेवलाय." "मामाला विचार, आणखी काही आहे का." त्याच्याकडे आता गाडी नव्हती, दाजी नव्हते, झोपही नसावी. खरं बोलतोय एवढीच एक गोष्ट त्याच्यापाशी उरली होती, आणि ती तो सोडायला तयार नव्हता.

एकदा दुपारी असाच सिलिंडर घेऊन आला. आभाळ गच्च भरलेलं आणि वीज गेलेली. त्याने आपलं तेलकट जॅकेट काढून माझ्या शेजारच्या खुंटीला लावलं. ताई हंडा घेऊन बाहेर नळावर गेली, एका खोलीत दोघं नकोत म्हणून. लेकीचं खोडरबर खाटेखाली गेलं होतं, म्हणून तिने टॉर्च लावला. उठताना तो उजेड भिंतीवरून फिरला.

मामाचं जॅकेट भगभगलं. मळाच्या थरातून त्या पट्ट्या अशा पेटल्या की पोरगी दचकली. शेजारी मी, पांढराशुभ्र, इस्त्रीचा आणि काळामिट्ट.

"मामा, तुझं मळकं आहे तरी चमकतं. बाबांचं का नाही चमकत?"

मेहुण्याने तिच्या हातून टॉर्च घेतला. काकांसारखा डोळ्याशेजारी धरला. पुढून बघितलं, मला फिरवून पाठीकडून बघितलं, पट्टीवरून बोट फिरवलं. मी ओ द्यायचा जिवाच्या आकांताने प्रयत्न केला, पण कशाने देणार? मग त्याचा टॉर्च मोरीकडे वळला. तिथे सोड्याचा डबा होता, आणि केस झिजून निम्मे झालेला ब्रश. वर फळीवर इस्त्री. तो बराच वेळ ते बघत राहिला.

त्याला आता सगळं कळलं होतं. तो बोललेला शब्द न शब्द खरा होता, आणि हे ताईला पटवायला आता एक टॉर्च पुरे होता. ती नळावरच होती. नुसती हाक मारायची होती.

"मामा, सांग ना," पोरगी म्हणाली.

"सेल उतरलेत बाळा," तो म्हणाला आणि त्याने टॉर्च बंद केला.

ताई हंडा घेऊन आत आली. "मामाला विचार, सिलिंडर बसला का."

"ताई," तो म्हणाला, "तू विचारत होतीस ना. त्या दिवशी फोन आला होता मला. मी फोनवर होतो. मागे बघितलंच नाही."

तिने हंडा खाली ठेवला. पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडलं.

"इतके दिवस खोटं बोललास माझ्याशी."

"हो."

"मी रोज त्या जॅकेटाकडे बघून म्हणायचे, माझ्या हातून तर काही कमी पडलं नाही ना. आणि तू मला तसं म्हणू दिलंस."

"तुझ्या हातून काही कमी पडलं नाही, ताई. चूक माझीच."

ती रडली नाही. दाराकडे बघत म्हणाली, "आजपासून तू मला मेलास. या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस." तो गेला. आपलं जॅकेट न्यायचंही त्याला सुचलं नाही.

संध्याकाळी तिने ते खुंटीवरून ओढलं आणि कात्रीने मधोमध कापलं. मित्रांनो, ज्या कात्रीची मी वाट बघत होतो, ती माझ्या शेजाऱ्याच्या वाट्याला आली. त्याचं तिने दारातलं पायपुसणं केलं. अंधार पडल्यावर एखादी गाडी गल्लीत वळते, तिचा दिवा उंबऱ्यातून आत येतो, आणि ते पायपुसणं लखकन ओ देतं. तोच उजेड माझ्यावरही पडतो. मला मात्र काही होत नाही.

मामा पुन्हा आला नाही. किराणा अजून येतो, पण तो गेटवाला आणून देतो, आणि कुणी पाठवला ते सांगत नाही. ताई अजूनही मला धुते, इस्त्री करते, खुंटीला लावते. नवऱ्यासाठी करण्यासारखं आता तेवढंच उरलंय तिच्याकडे.

परवा पोरगी घरात एकटी होती. तिने टॉर्च काढला आणि मामाने धरला होता तसा डोळ्याशेजारी धरला. आधी पायपुसण्यावर मारला, मग माझ्यावर, मग मोरीतल्या ब्रशवर. तेवढ्यात दाराशी आईचा आवाज आला. पोरीने टॉर्च पटकन जागेवर ठेवला. "काय करत होतीस गं?" आईने विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, आणि आईच्या हातातली पिशवी घेऊन ती ओट्याकडे गेली. एवढ्याशा पोरीने काय उचलून खांद्यावर घेतलंय, ते मी बघितलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कथा सांगून झाल्यावर म्हणतात, आम्हाला जपा. मी उलटं सांगतो. मला जपू नका. मी मळलो तर मळू द्या. माझा रंग दुकानात बघून भुलू नका, जिथे मला राबायचंय तिथे नेऊन बघा. आणि तुमच्या घरातून कुणी मला घालून कामावर जात असेल, तर दार लावून अंधार करा, टॉर्च डोळ्याशेजारी धरा आणि मला हाक मारा. मी ओ दिली नाही, तर माझ्यावर दया करू नका. कात्री आणा.